समास सोडून

पुस्तक नुआकशोतच्या टपालकचेरीत
अकरा दिवस पडून होतं.
सोडवायला जकात भरली,
बंदरावरच्या चार बऱ्या माशांच्या किमतीएवढी.
संपादक सिदाती म्हणाला, आठशे शब्द.
जास्त कोणी वाचत नाही,
आणि कमी लिहिलेस तर वाटेल
पुस्तक तू नुसतं हुंगलंस.

सहाशे चाळीस पानं.
वाळवंटातल्या ग्रंथसंग्रहांचा इतिहास:
उंटाच्या पाठीवरून आलेला कागद,
त्याच्या बदल्यात गेलेलं मीठ,
कोणत्या काझीनं कोणाचं भाष्य उतरवलं,
त्या भाष्यावर कोणी भाष्य केलं
आणि त्याच्यावर पुन्हा कोणी...
आमच्याकडे विद्या अशीच वाढते,
कांद्यासारखी, पदरावर पदर.

मी पेन्सिल घेऊनच वाचतो.
चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं,
चूक दिसली की हात आपोआप उठतो.
पान अठ्ठावन्न: हिजरी सनाचं गणित वर्षानं चुकलंय.
पान एकशे तीन: विहिरीचं नाव
एका दानशूर गृहस्थाला दिलंय.
(दानशूर होती खरी, विहीर.)
पण प्राध्यापक कष्टाळू. भाषा धुतलेली.
दुष्काळात पेट्या पुरून ठेवल्या ते प्रकरण
मी दोनदा वाचलं,
कोळशावरची किटली करपेपर्यंत.

मग पान दोनशे बारा. तळटीप.
वारसाहक्काच्या एका पोथीची नक्कल,
लेखनिक अज्ञात,
समासातल्या नोंदी घरगुती,
अभ्यासाला निरुपयोगी.
शेजारी छायाचित्र, तळहाताएवढं.

भिंग आणलं.
'इथे शेळीनं दोन ओळी खाल्ल्या.
आठवणीतून भरल्या आहेत.
चुकलं असेल तर दोष माझा, शेळीचा नाही.'
खाली: 'आज शाई पातळ. डिंक संपला.'
आणि अगदी कडेला, पान आडवं धरून वाचावं असं:
'मुलीच्या हिश्श्याचा भाग इथून पुढे.
तंबूत लेकरू रडतंय.
थकलेली.'

थकलेली.

अरबी क्रियापदातला 'मी'
बाई आहे की बाप्या, सांगत नाही.
विशेषणाला मात्र ते लपवता येत नाही:
अखेरीला गोल 'ता', तिच्यावर दोन टिंबं.
टिंबं नसती तर अक्षरच वेगळं.
प्राध्यापकांनी ती पाहिली नाहीत,
किंवा त्यांना वाळू वाटली.
तेही शक्य आहे. ओली शाई सुकवायला
आमचे लोक पानावर वाळूच टाकत,
आणि दोनशे वर्षांनंतरही
एखादा कण अक्षराला धरून बसतो.

मी दिवा जवळ ओढला. मग लांब नेला.
टिंबंच असावीत.
पुस्तकाच्या शेवटी लेखनिकांची यादी आहे,
एकशे नव्वद नावं, सगळी कोणाचे तरी पुत्र.
मला पहिली अक्षरं काढायला
माझ्या आईनं शिकवलं, लाकडी पाटीवर.
धडा पाठ झाला की पाटी धुवायची,
आणि ते काळं पाणी प्यायचं.
चव अजून जिभेवर आहे. यादीत ती कुठे लिहिणार?

परीक्षण पाठवलं. सिदातीचा फोन:
दोन टिंबांवर साडेतीनशे शब्द?
अरे, उद्या कोणी म्हणेल वाळू होती,
मग काय करशील?
म्हटलं, मग माफी मागेन. तीही दोन टिंबांएवढी.
तो हसला. पण छापून आलं ते असं:
'क्वचित किरकोळ त्रुटी वगळता
हा ग्रंथ प्रत्येक संग्रही असावा.'

माझ्या संग्रही आहे.
रात्री वारा होता, दाराखालून वाळू आत येत होती.
पान दोनशे बारा उघडलं
आणि तळटीपेच्या बाजूला, पेन्सिलीनं, उभं लिहिलं:
'इथे संपादकानं तीन परिच्छेद खाल्ले.
आठवणीतून भरले आहेत.'

भरायला बसलो.
समास अरुंद, आजकालची पुस्तकं कंजूस.
अक्षर बारीक करत करत
पानाच्या कडेपर्यंत गेलो.